पिशवीतली माती

— नाही हो काका, गाढव मीच. दोन पायांचं, चष्मा लावणारं गाढव. असं कुणी करतं का? थोरला नातू समुद्रानं नेला, त्याच्याबरोबर तुमचं जुनं नावही गेलं, तुम्ही धाकट्या नातीचे, माविवोचे आजोबा झालात — श्यापेन माविवो. अख्ख्या बेटाच्या जिभेला ते वळण पडलं, आणि मी काल भर धक्क्यावर, चारचौघांत, त्या गेलेल्या पोराच्या नावानं तुम्हाला हाक मारली! आपल्या ताओ माणसांत मेलेल्याचं नाव कुणी शत्रूसमोरही घेत नाही. घाला शिव्या. पण असं तोंड फिरवून सुपारी नका चघळत बसू —

बरं, चघळा, पण ऐका. उद्या सकाळच्या बोटीनं लेक तुम्हाला पलीकडे तायतुंग शहरात नेणार. 'थोडे दिवस' म्हणते ती. तिच्याकडे लिफ्ट आहे काका, लिफ्टनं वर गेलेला म्हातारा परत खाली येतो होय? — चुकलं, हेही चुकलं. जीभच मेली अशी.

मडकं कसं करायचं, तेवढं सांगून जा. उडत्या माशांचा हंगाम संपला, आता मातीला हात लावायला आडकाठी नाही. काय म्हणता, बाईमाणसानं मडकी करू नयेत? मग तुमच्यामागे करणारा पुरुष दाखवा, मी गप्प बसते! चित्रं सगळी काढून ठेवलीत मी — होड्यांवर रंगवलेले डोळे, ज्या त्या घराण्याचे वेगळे, डोक्यावर घालायचे चांदीचे टोप, मडकं थापताना तुमचे हात — हुबेहूब, नखांतल्या मळासकट. पण चित्रात आच दिसत नाही हो. ओढ्याकाठची माती आणून तीन मडकी भाजली, तिन्ही फटाक्यासारखी फुटली. कुत्रं अजून घरी आलेलं नाही.

हसलात? नाही? मला वाटलं हसलात.

शाळेतली मडकी? ती चांगली आहेत, हो. पोरं 'बाई, बाई' करतात. बाहेरून पाहुणे येतात, मडक्यावरून हात फिरवतात, 'पूर्वजांची माती' म्हणतात, मी मान डोलावते — आणि ती माती काका... ती पिशवीतली. तायतुंगहून बोटीनं येते, प्लास्टिकच्या पिशवीत. विजेच्या भट्टीत भाजते मी, बटण दाबून. हे सांगायला नव्हते आले. कुणालाच नाही सांगितलेलं. आपल्या मातीचं मडकं करणारं एकच माणूस उरलंय इथं, आणि ते माझ्याकडे बघतसुद्धा नाही. उद्या पोरं कुणाला विचारणार? मला! आणि मी काय दाखवू, पिशवी? — माती कुठली घ्यायची, तेवढं तरी! टेकडीमागची? तळ्याजवळची? बोलू नका, नुसती मान हलवा. हात जोडते. नाही? काका, मी रडायला लागले तर फार वाईट दिसते, तुम्हाला बघवणार नाही —

थुंकलात? म्हणजे बोलणार?

"ऊठ आधी," श्यापेन माविवो म्हणाले. "मातीच्या गोणीवर बसलीयस."