ब्याण्णव वलयांचं गांडूळ

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बहीण-भाऊ नंबराची वाट बघत बसले होते. भावाचा गाल सुजला होता, पण तोंड काही थांबत नव्हतं.

“ताई, आमचे संशोधक सर एवढे शिकलेले, आणि त्यांना तुटलेलं गांडूळ ओळखता येऊ नये?”

“हळू बोल. कसलं तुटलेलं?”

“जंगलात खणताना माझ्याच कुदळीने त्याचे दोन तुकडे झाले. डोक्याकडचा जगला. महिनाभर डब्यात ठेवला, तर जखम भरून टोक गोल झालं. सरांनी भिंगाखाली वलयं मोजली. नेहमीच्या एकशे चाळीसच्या जागी ब्याण्णव भरली. लागले उड्या मारायला, नवी प्रजाती सापडली म्हणून!”

“मग तू सांगितलं नाहीस?”

“सांगितलं ना. म्हणाले, तू खणायचं बघ, मोजायला आम्ही आहोत.”

“दुसऱ्या कुणी तपासलं नाही?”

“दोन तज्ज्ञांनी तपासलं. त्यांचीही ब्याण्णवच भरली. मोजणी अचूक आहे म्हणाले!”

“शहाणेच आहेत सगळे.”

“आता त्याला आमच्या संस्थेच्या संचालकांचं नाव दिलंय. उद्या समारंभ. त्यांनी नवा कोट शिवलाय.”

“अर्ध्या गांडुळासाठी?”

“अख्खं समजून, ताई.”

“आणि शेपटीकडचा तुकडा? फेकलास?”

“फेकतो कशाला? स्पिरिटच्या बाटलीत होता. काल उपसंचालक विचारत होते, त्यांच्या नावासाठी आणखी एखादी नवी प्रजाती आहे का म्हणून.”

“मग?”

“बाटली त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.”