खेकड्याचं कवच आन आत्तीचं पाणी

बसा की पावणं, सांगतो सगळं. माझं माहेर उचगावचं, लगीन होऊन जयसिंगपूरजवळच्या या गावात आलो तवा मी एवढीशी पोरगी. आमचं घर जैनांचं, कांदा-लसूण न्हाय, बटाटा न्हाय, दिवस मावळायच्या आत जेवण. आन सासू, तिला आम्ही आत्ती म्हणतो, ती तर नेमाची लई कडक. पर मला तिनं लेकीवानी ठेवलं, इतकी वर्सं माझ्या हातचं गाळलेलं पाणी सोडून दुसऱ्या कुणाचं प्याली न्हाय. आता तेच पाणी बंद झालंय बघा, आन काय सांगू तुम्हाला, ते परत चालू करायची वाटच मला दिसंना.

झालं असं, टोमॅटोला मर लागली. झाड सकाळी हिरवंगार, दुपारी मान टाकतंय, खोड चिरून बघावं तर आत सगळं तपकिरी. मातीतली बुरशी ती. औषधं ओतून ओतून माझा पोरगा सुकुमार टेकीला आला. म्हणायला लागला, आई, हा प्लॉट गेला तर मी इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला जातो. एकुलता एक पोरगा हो.

मग शेतकी कॉलेजातली एक पोरगी आली, तिनं बाटलीतनं मातीतलेच जिवाणू दिले, म्हणाली आज्जी, गुळाच्या पाण्यात वाढवा, रोज ढवळा आन झाडाच्या बुडात ओता. मी गोठ्यात ड्रम मांडला, ढवळलं, ओतलं. कशाचं काय, मर हाय तशीच. गूळ खाऊन सुस्त पडलते सगळे, आमच्या धाकट्या जावयागत. ती पोरगी हसली, म्हणाली त्यांना खेकड्याचं कवच चारायला पायजे, वाळवून दळलेलं. बुरशीची साल आन ते कवच एकाच मालाचं असतंय म्हणं. ते खायाची सवय लागली की जिवाणू एक रस सोडत्यात, एन्झाइम म्हणत्यात त्याला, त्या रसानं बुरशीची साल विरघळती.

मी म्हणालो, बाई, आमच्यात खेकडा उंबऱ्याच्या आत येत न्हाय. मग अळिंबी, ती मशरूम, वाळवून घाला म्हणाली. तीबी चालत न्हाय. मग रेशमाचे मेलेले किडे मिळत्यात का बघा म्हणाली. मी कपाळाला हात लावला. सगळं पाप एकाच मालाचं करून ठेवलंय का गं, म्हणालो.

पर सुकुमारचं तोंड बघवंना. घातली खेकड्याची पूड ड्रमात. आन आत्तीला जाऊन सांगितलं, लपवलं न्हाय. ती पाण्याचा तांब्या हातात घेऊन बसलीती. तांब्या खाली ठेवला आन म्हणाली, तू कर, पोराला ठेवून घे. पर माझं पाणी आता सुकुमारच्या बायकोनं द्यावं.

झाडं उभी ऱ्हायली. पोरगाबी ऱ्हायला. आता गल्लीतली माणसं ड्रमातलं पाणी न्यायला कॅन घेऊन दारात येत्यात. बंद केलं तर पोरगं जातंय, चालू ठेवलं तर आत्ती तुटलेलीच, आन ड्रम नासंल म्हणून लेकीकडंबी जाता येईना. गोठा आन मी, मी आन गोठा.

आज कंबर धरली म्हणून जरा आडवी पडलोतो. तर आत्ती काठी टेकत आली, खोलीच्या दारातनंच म्हणाली, ऊठ गं, ड्रमातली तुझी पोरं उपाशी हायत, ढवळ जा.

उठलो, ढवळलं. मग अंघोळ करून पाणी गाळलं, तिचा तांब्या भरून ठेवला. तिथं हाय बघा तसाच. रोज ठेवतो. तिला देव उदंड आयुष्य देऊ दे, कवातरी तहान लागंल की.