आठ तारांची मान

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते. भावाच्या काखेत चादरीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी होतं.

"ताई, आठ तारांची बेस गिटार, तीसुद्धा घरी बनवलेली. ऐकलंयस कधी?"

"ऐकतेय कसली, भोगतेय. माझ्या जेवणाच्या टेबलाला तुझे क्लॅम्प लागलेत."

"झालीच आता. फक्त मान रुंद झाली. पलीकडच्या कडेला माझी बोटंच पोचत नाहीत."

"माप कुणी घेतलं होतं?"

"उत्साहाच्या भरात घेतलंच नाही. म्हणून तर रंधा घेतोय, तासून टाकतो."

"चादर सोड बघू."

"इथे?"

"सोड."

"अगं ताई, तुझी बोटं पोचली की पलीकडे."

"पोचून वर उरलीत. लहानपणी माझ्या हातांना फावडी म्हणायचास ना?"

"म्हणायचो."

"मग ठेव तो रंधा जागेवर. घरी चल, तारा चढवू."