पाहुण्यांकडची किल्ली

नाही हो मिस्त्री, किल्ली हरवलेली नाही — किल्ली त्यांच्याकडे आहे, म्हणून तर कुलूप बदलायचं. ते म्हणजे मागच्या खोलीतले. जिन्यात जी पेटी ओलांडून आलात ना, ती त्यांचीच. सीमेपलीकडून आलेली माणसं, नवरा आणि दिवस गेलेली बायको. स्थानकावरच्या बाकावरून मीच घरी आणलं त्यांना. अहो, एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं मी! दार म्हणजे भिंतीनं दिलेली कबुली, की आतल्याला एकट्यानं जगता येत नाही — असं सांगायचो वर्गात. मुलं लिहून घ्यायची. — स्क्रू जरा बेतानं, लाकूड जुनं आहे.

चोरी? छे! चोरी केली असती तर सोपं झालं असतं. कपाचा टवका उडाला नाही कधी. आमची ही गेल्यापासून विझलेली चूल तिनं पुन्हा पेटवली. मग झालं काय? काहीच नाही. गेल्या आठवड्यात वाचनालयातून परतलो, खिशात किल्ली सापडेना, घंटी वाजवली. तिनं दार उघडलं — ओले हात पुसत, अगदी हिच्यासारखी — आणि म्हणाली, ‘या बाबा, आत या. दमलात ना? बसा.’ मला! माझ्या घरात! आणि मी काय केलं, ठाऊक आहे? बसलो. खुर्चीच्या कडेला, अंग चोरून. पाणी आणलं तर म्हणालो, ‘कशाला त्रास घेतलात?’ शब्द मी तोलून वापरतो, मिस्त्री. मी दिला तो आश्रय. आतिथ्य तिनं केलं. गोड वाटलं हो पाणी. तेच सहन होईना. उद्या ही माणसं निघून गेली, तर मला ‘या’ म्हणणारं कोण उरणार? त्यापेक्षा आपणच —

परवा कळा सुरू झाल्या. गाडी मीच आणली. आज घरी सोडणार आहेत तिला. मुलगी झाली.

हात का थांबला तुमचा? … तुम्हीही तिकडचेच? मग तुम्हांला, त्या वेळी, कोणी — नको, सांगू नका.

जिन्यात पाऊल वाजलं का? बाळ रडतंय. मिस्त्री, जुनं कुलूप कुठे ठेवलंत? बसवा ना, लवकर! — आले. किल्ली घातली. ऐकताय? फिरवताहेत… फिरत नाही.

श्श. हलू नका. घरात कोणी नाही.