चांदबिबीच्या घुमटाखाली

मुक्ता : अवं, म्हाल म्हाल करून एवढा डोंगर चढवलात, अन् हितं तर कबर हाय.

कानिफनाथ : समदे चांदबिबीचा म्हालच म्हनत्यात. मी बांधलाय व्हय?

मुक्ता : खाली यष्टी निघून गेली म्हंजी?

कानिफनाथ : निघती कशाची? दुष्काळी कामाची खडी घुसून टायर फुटलाय. दुसरा आनायला मानूस गेलाय नगरला. आई न् बा गाडीत गठुडी धरून बसलेत. लगीन झाल्यापासनं आज पयल्यांदा आपन दोघंच हाय.

मुक्ता : मग बोला की कायतरी.

कानिफनाथ : तूच बोल. ह्या घुमटाखाली नाव घेतलं की माघारी ऐकू येतं. माझं घे.

मुक्ता : लग्नात घेतलंय.

कानिफनाथ : त्ये उखान्यात. बायकांच्या गलक्यात मला कुठं ऐकू आलं?

मुक्ता : उखान्यात चालतं, असं उघडं न्हाई. देवाचं नाव ठिवलं तुमाला, अन् पंचाईत माझी. मढीच्या जत्रंत समदे जयजयकार करत्यात, तवा मी आपली नुसतं ‘म्हाराज की जय’ म्हनते. अर्धाच देव येतो माझ्या वाट्याला.

कानिफनाथ : घरात दिसभर ‘अवं, अवं’. म्हशीला बी तसंच म्हनतीस.

मुक्ता : म्हशीला ‘अगं’ म्हनते.

कानिफनाथ : चेष्टा नको, मुक्ता. तुझ्या तोंडून एकदा ऐकायचंय. लई दिस झालं, मनात हाय.

मुक्ता : मग तिकडं तोंड करा. वळून बघायचं न्हाई.

कानिफनाथ : केलं.

मुक्ता : कानिफनाथ.

(घुमटातून नाव माघारी येतं.)

बनुबाई : कुनी हाक मारली माझ्या लेकाला?

मुक्ता : आत्याबाई, तुमी कवा आलात वर?

बनुबाई : टायर बसवायला लागलेत. ह्येंनी धाडलं तुमाला बोलवायला.

मुक्ता : मी न्हाई घेतलं, आत्याबाई. घुमटानं घेतलं.

बनुबाई : घुमटाचं लगीन कवा लागलं माझ्या लेकासंगं?

कानिफनाथ : आई, मीच म्हनलो तिला. तिला बोलू नको.

बनुबाई : न्हाई बोलत. हिच्या अंगाची हळद निघाली न्हाई, तर हिनं घेतलं. माझं केस पांढरं झालं, पर उखान्याबिगर तुझ्या बाचं नाव कधी तोंडात आलं न्हाई. लई वाटायचं, घ्यावं म्हनून.

कानिफनाथ : चल खाली, बा वाट बघत आसंल.

बनुबाई : कानिफा, हितला आवाज गाडीपातूर जातोय का रं?

कानिफनाथ : न्हाई. एवढ्या लांब कुठला?

बनुबाई : मग तुमी दोघं व्हा पुढं. मी आलेच.