पूजेतला पाना

मी मूळचा एरंडोलकडचा, बाप पंप दुरुस्त करायचा, त्याच्या हाताखाली शिकलो, म्हणजे शाळा सातवी आणि बाकीचं बठ्ठं शिक्षण ग्रीसमध्ये हात घालून. तुमच्यासमोर नीट बोलायला जातो पण मधूनच आमची अहिराणी येते, चालवून घ्या. पंपावरून ट्रॅक्टरवर गेलो आणि ट्रॅक्टरवरून, काय सांगू तुम्हाले, थेट विमानावर. धुळ्याकडे विमान शिकवायचं केंद्र निघालं, तिथे मेकॅनिक लागलो. दोन माणसांची लहान विमानं. बायको गावभर सांगे, आमना माणूस विमान खोलस.

तिथे साक्रीची पूनम शिकायला आली. बाकीचे मले मेकॅनिक म्हणत, ही आबा म्हणे, जेवताना माझ्या डब्यातला ठेचा ओढून घे. मले पोरगी नाही. बठ्ठी माया तिच्यावर गेली, खोटं कशाला बोलू.

खंडेनवमीले आम्ही अवजारं पुजतो. पूजेत मांडलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही, बापाच्या वेळेपासून हेच. त्या दिवशी मी विमानाचं पुढचं चाक ग्रीस करून परत बसवत होतो आणि पूनम हौसेनं माझ्या पेटीतले पाने मांडत होती, हळदकुंकू, झेंडू. नट बोटांनी फिरवला, आवळायला पाना पाहिजे म्हणून हात पुढे केला, तर ती म्हणाली, आबा, आता हलवायचं नाही, तुम्हीच सांगितलं ना. मी हसलो. म्हटलं उद्या दसऱ्याची सुट्टी, परवा आवळू. इंजिनीअर साहेबांनी दारातून विचारलं, चाक झालं का, मी म्हटलं झालं. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. काम अर्धं असलं की विमानाले लाल चिंधी बांधायची असते, तीही बांधली नाही, पूजेत बरी दिसली नसती म्हणून. चिंधी हो, एवढीशी चिंधी.

दसऱ्याले सकाळी तिच्यासाठी आपट्याची पानं घेऊन गेलो तर फाटकावरच कळलं, शिकवणाऱ्या सरांनी मुहूर्त साधून तिले पहिल्यांदा एकटीले वर सोडलं. मी पळत सुटलो, तिले उतरू देऊ नका, उतरू देऊ नका, पण विमान वर किती वेळ राहणार. मागची चाकं टेकली, मग पुढचं टेकलं आणि मोडलंच, नाक जमिनीत घासत गेलं. पानं माझ्या मुठीतच होती.

वाचली. पण गुडघ्याचा चुरा झाला, तो पाय आता वाकत नाही, आणि विमानाले दोन्ही पाय लागतात.

चौकशीत मी कबूल केलं, नट मी ढिला ठेवला, साहेबांना झालं म्हणून मीच सांगितलं. पूनम काय बोलली ते सांगितलं नाही. दवाखान्यात तिनं माझा हात धरला, आबा, मी पाना हलवू दिला नाही म्हणून झालं का हो हे. मी म्हटलं नाही वं पोरी, पेटीत दुसरा होता, मीच विसरलो.

दुसरा नव्हता.

नोकरी सुटली. आता गावी असतो, कोणी पंप घेऊन आलं तर परत पाठवतो, हातच पुढे होत नाही. पेटी पलंगाखाली बंद शे. पूनम साक्रीले शिकवण्या घेते, सुखी राहो माय ती, माझं उरलेलं आयुष्य तिले लागो. खंडेनवमीले तिचा फोन येतो, आबा, पाने पुजले का. पुजले, म्हणतो. फुलं वाहिली? वाहिली. मग विचारते, हलवले तर नाही ना. नाही हलवले पोरी, म्हणतो, आणि तेवढं मात्र खरं शे.