तिसरी थाप

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. देवाचं नाव घ्यायच्या आधी आज एक व्यवहाराची गोष्ट विचारतो — राजानं कर्ज काढलं, तर पाप कुणाचं?

"राजाचं!" — कोण म्हणालं ते? तुम्ही? खांबाला टेकलेले काका? वा! झोपेतून उठून अगदी बरोबर उत्तर! सगळे असंच म्हणतात. पारावर म्हणतात, न्हाव्याकडं म्हणतात — 'सगळे चोर आहेत हो!' आणि एवढं म्हणून हात झटकून घरी जेवायला जातात. तेव्हा आधी आख्यान ऐका, मग उत्तर परत द्या.

उंबरगड नावाचं एक राज्य होतं. तिथं दवंडी पिटायला सुभानजी नावाचा माणूस. वय साठीचं, पण आवाज असा खणखणीत, की चावडीवर बोलला तर ओढ्यापलीकडच्या म्हशी माना वर करायच्या! गळ्यात डफ, छातीवर दरबारचा लाल पट्टा. त्या पट्ट्याला फार जपायचा तो.

त्या राज्यात जुन्या एका राजानं — भला माणूस असावा — एक कायदा करून ठेवला होता. राज्यानं कर्ज काढायचं, तर कागद चावडीवर सगळा वाचायचा. मग डफावर तीन थापा, आणि दोन थापांच्या मध्ये शांतता. तेवढ्यात रयतेपैकी एकानं — अहो, फक्त एकानं! — 'थांब' म्हटलं, की कागद माघारी! राजानं अनवाणी चावडीवर यायचं आणि पैसे कशाला हवेत ते सांगायचं. तिसरी थाप पडली, की मात्र कर्ज सगळ्यांचं. केवढी ताकद एका शब्दाची! आणि वीस वर्षांत तो शब्द किती जणांनी उच्चारला? एकानंही नाही.

का? तर अंताजीपंत नावाचे प्रधान होते. मोठे गोडबोले! त्यांनी सुभानजीला बोलावून घेतलं. म्हणाले, "सुभानजी, कागद सगळा वाचायचा. फक्त शेवटची ओळ वाचताना डफ वाजवायचा. जोरात!"

"पण पंत, मग ती ऐकू कशी जायची?"

"कायद्यात 'वाचावी' असं लिहिलंय. 'ऐकू जावी' असं कुठं लिहिलंय?"

हसता काय! शेवटच्या ओळीत काय असतं, ठाऊक आहे? तारण! कर्जापायी काय गहाण पडलं ते! सुभानजीला कळत नव्हतं थोडंच? पण पट्ट्याचा मान, पोटाची खळगी... डोलावली मान. वर पंतांनी आणखी एक पद्धत पाडली. तिसरी थाप पडली, की माणशी मूठभर गूळ! झालं! डफ वाजला की कुणी पदर पसरतंय, कुणी ओंजळ धरतंय. कागदात काय आहे, हे विचारायला तोंड मोकळं कुणाचं होतं?

कर्जाचं केलं काय? राजाच्या हत्तीला चांदीचे पैंजण. शिवेवर ही एवढी थोरली कमान! कमान झाली, मग तिच्याखालून जायला रस्ता? रस्त्याला पुढचं कर्ज! आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! पहिल्या कर्जात गायरान गेलं — डफ वाजला, गूळ वाटला. दुसऱ्यात जंगल गेलं — डफ वाजला, गूळ वाटला. मग गहाण ठेवायला राहिलं काय? सगळं गेल्यावर माणसाकडं काय राहतं?

पोरं राहतात, मंडळी.

त्या साली सुभानजीला नात झाली. लेकाची, रायाची पहिली मुलगी. बाराव्या दिवशी बारसं. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या. सुभानजीची लेक मैना, शिवेपलीकडच्या राज्यात दिलेली, आत्याबाई म्हणून नाव ठेवायला आली. बाळाच्या कानाशी वाकली, आता 'कुर्रर्र' म्हणणार — तोच दारात दरबारचा कारकून!

"थांबा. आधी बिल्ला."

त्यानं तांब्याचा बिल्ला काढला, आकडा कोरलेला, आणि बाळाच्या मनगटाला बांधला. नावाच्या आधी आकडा!

"हे काय हो?" मैनेनं विचारलं.

"गेल्या कागदातलं तारण. इथं जन्मलेलं मूल बारा वर्षांचं झालं, की दर साल चार महिने सावकाराच्या मिठागरात राबायचं. कर्ज फिटेस्तोवर." आणि सुभानजीकडं वळून म्हणाला, "तुम्हीच तर दवंडी दिलीत!"

मैनेनं बापाकडं बघितलं. "आबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

वाचणारा तोच, वाजवणारा तोच! खाली बघत म्हणाला, "ठाऊक होतं गं. पण तेव्हा ती लोकांची पोरं होती."

मैना पाळण्याकडं वळली. बाळाच्या कानात 'चिमा' असं नाव सांगितलं आणि घुगऱ्यांना हातही न लावता सासरी निघून गेली.

आता एकच वाट होती. कागद वर्षाचा असायचा, कर्ज पुढं चालवायचं तर दर चैत्रात नवा वाचावा लागे. तो अडला, तर जुनं तारण सुटणार, सगळ्या पोरांचे बिल्ले निघणार! चैत्र आठ दिवसांवर होता. पण 'थांब' म्हणायचं कुणी? दरबारच्या नोकराचा आवाज रयतेत धरत नसत. सुभानजीनं ठरवलं — मला म्हणता येत नाही, पण लोकांना ऐकवता तर येतं!

दिवस उजाडला. सकाळीच चावडी भरली. पंत लोडाला टेकलेले, गुळाच्या पराती फडक्यानं झाकलेल्या. सुभानजी कागद वाचत शेवटच्या ओळीपाशी आला, आणि त्यानं डफावरचा हात काढला! ओळ वाचली, सावकाश, ओढ्यापलीकडं जाईल अशी — "तारण, जन्मणारी मुलं. मिठागरात चार महिन्यांऐवजी आठ महिने."

ऐकलं सगळ्यांनी. अहो, सगळ्यांनी ऐकलं!

पहिली थाप. शांतता. सुभानजी एकेक तोंड बघतोय. हा म्हणतो, शेजारचा बोलेल. शेजारचा म्हणतो, पाटील बोलतील. आणि पाटील? पाटील पंतांकडं बघून पानाचा विडा चघळत होते.

दुसरी थाप. समोर राया उभा — चिमाचा बाप! सून ओली बाळंतीण, तिला उंबरा ओलांडता येत नाही. चिमाच्या वतीनं बोलणारा तिथं हा एकटाच. सुभानजीनं नुसत्या डोळ्यांनी विनवलं, 'बोल बाबा, एकच शब्द!' रायानं मान खाली घातली.

मग म्हाताऱ्यानं काय करावं? पट्टा सोडला! डफ खाली ठेवला, ओटा उतरला, लोकांत जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "थांब!"

वाटलं ना, सुटलं म्हणून? मलाही वाटतं, दर खेपेला.

पंत जागचे हलले नाहीत. म्हणाले, "पट्टा सोडला म्हणजे कुणी रयत होत नाही. रयतेलाच विचारू. काय हो, हा तुमच्यातला का?"

कुणी बोलेना. मग मागून एकजण म्हणाला, "वीस वर्षं आमच्या कानात बोळे कोंबलेस. आज स्वतःला नात झाली, तेव्हा आमचा झालास होय रे?"

खरंच होतं ते. तेवढ्यात दुसरा म्हणतो, "ऊन चढलं पंत, गूळ वाटा!" — आणि लोक हसले, मायबाप! स्वतःची पोरं मिठागरात निघाली, आणि हे हसले!

पंतांनी तो लाल पट्टा उचलून रायापुढं धरला. "बापाची जागा रिकामी झालीय. घेतोस?"

रायानं बापाकडं बघितलं नाही. पट्टा चढवला, डफ उचलला, आणि तिसरी थाप त्यानं मारली.

गूळ वाटला. सुभानजीच्याही ओंजळीत पडला — गुळापुरता तो रयत! तसाच घरी आला. पाळण्यातल्या चिमानं त्याचं बोट घट्ट धरलं. बिल्ला त्याच्या हाताला लागत होता. तिनं बोट सोडलं नाही, आणि म्हातारा पाळण्याची दोरी धरून ढसाढसा रडला.

हं. आता सांगा, खांबवाले काका — पाप कुणाचं? गप्प का? राजाचं आहेच. पंतांचं तर आहेच, यम त्यांची चांगली बडदास्त ठेवील! पण आपल्या डोक्यावर कर्ज किती, ठाऊक आहे कुणाला? मलाही नाही ठाऊक! पुढारी आले, भोंगे वाजले, कुणाला साडी मिळाली, कुणाला भांडं. शेवटची ओळ कुणी ऐकली? मी नाही ऐकली. तुम्ही ऐकलीत? आपल्या नातवंडांच्या मनगटावर बिल्ला दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

मृदंगवाले दादा, तीन थापा द्या. सावकाश.

एक.

दोन.

थांबा दादा, हात तसाच वर राहू द्या. मंडळी, दाराशी प्रसादाची परात आलीय, वास मलाही येतोय. निम्मे तिकडं वळून बसलात, दिसतंय मला! वळा, काही हरकत नाही. पण दादांचा हात भरून यायला लागलाय, आणि मला अजून कुणाचा आवाज ऐकू आलेला नाही.